रिकामी चौकट आणि हिवाळ्याचे दिवस

डिसेंबर उजाडला की आमच्या गंगापूर रोडची सकाळ बदलते. धरणाकडून येणारा वारा कानाला झोंबू लागतो. फिरायला निघालेली मंडळी कानटोप्या घालून निघतात. सोमेश्वरच्या बाजूला नदीवर धुकं उतरतं आणि चहाच्या टपरीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबावंसं वाटतं. नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडचा त्याहून खाली. त्या रात्री द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवून धूर करतात, कारण घड जपायचा असतो. आमचा हिवाळा हा असा आहे. बर्फ नाही, बर्फातली झाडं नाहीत. मग हिवाळ्यासाठी घर सजवायचं म्हटलं, तर बाजारात मिळणारा थर्माकोलचा बर्फ आणि प्लास्टिकची हिरवी फांदी आपल्या घरात पाहुण्यासारखी अवघडून बसते.

मी आज सांगणार आहे ते जुन्या फोटोफ्रेमपासून हिवाळ्याची सजावट कशी करायची याबद्दल. रेडिओवर बोलायला बोलावलं तेव्हा मी विचारलं होतं, ‘अहो, हातानं करायची गोष्ट आवाजानं कशी दाखवू?’ तेव्हा उत्तर मिळालं, ‘कवी आहात ना, सांगा.’ तर सांगतो.

माझे वडील फ्रेम बनवायचे. जुन्या नाशकात, एका अरुंद गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, वर टांगलेल्या लाकडी पट्ट्या, काच कापायची हिऱ्याची कलम, सरसाचा डबा आणि बारीक चुकांनी भरलेली पत्र्याची डबी. अब्बा चुका ओठांत धरून काम करत, त्यामुळे कामाच्या वेळी ते बोलत नसत. त्या दुकानात गणपती यायचे, दत्तगुरू यायचे, वणीची देवी यायची, मक्का-मदिना यायचे, येशू यायचा, डॉ. बाबासाहेब यायचे. लग्नातली जोडपी यायची आणि गेलेली माणसं यायची. सगळ्यांना एकाच पट्टीच्या गठ्ठ्यातली चौकट. आमच्या घरात भिंतीवर फक्त आयत लिहिलेली एक फ्रेम असे. माणसाचं चित्र नसे. पण दुकानात अब्बांनी कुठलंही चित्र कधी उलटं ठेवलेलं मी पाहिलं नाही. चित्रावर चित्र ठेवायचं झालं तर मध्ये वर्तमानपत्राचा कागद, आणि तोंडाला तोंड. ‘पाठ कोणाची कोणाकडे नको,’ एवढंच म्हणायचे.

दुकान १९९८ मध्ये बंद झालं. आम्ही गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा दुकानातल्या उरलेल्या फ्रेमही आल्या आणि माळ्यावर गेल्या. त्यांत लोकांनी बनवायला दिलेल्या, थोडे पैसे आगाऊ दिलेल्या, पण कधीच न नेलेल्या फ्रेमही होत्या. त्यांत पुढे माझी भर पडली. कवीच्या घरी मानधन कमी आणि मानपत्रं जास्त. प्रत्येक मानपत्राला फ्रेम. तीन वर्षांपूर्वी माळा साफ करायला काढला तेव्हा एकतीस फ्रेम खाली आल्या. मुलगा म्हणाला, ‘अब्बा, भंगारवाल्याला बोलावतो.’ मी म्हटलं, ‘थांब दोन दिवस.’ ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

फ्रेममध्ये हातानं काही करायची रीत आपल्याकडे नवी नाही, हे आधी सांगायला हवं. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरच्या छपाईनं देवदेवतांची रंगीत चित्रं निघू लागली आणि ज्या घरात पूर्वी चित्र नव्हतं त्या घरातही लक्ष्मी-सरस्वती आल्या. आमच्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी काम करत होते. तर ही छापील चित्रं घरी आली की बायका ती तशीच टांगत नसत. लक्ष्मीच्या साडीवर खरी जर चिकटवायच्या, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी लावायच्या, कुणी खऱ्या कापडाचा पदर शिवायचं, आणि मग ते चित्र काचेआड जायचं. छापखान्यातून हजारो प्रती निघाल्या तरी आपल्या घरची लक्ष्मी निराळी झाली पाहिजे, अशी ती धडपड होती. नंतर त्याच चौकटीत भरतकामाचा पोपट आला, मण्यांचं हरीण आलं, मखमलीवर ‘सुस्वागतम’ आलं. साठी-सत्तरीच्या कुठल्याही बाईला विचारा, माहेरच्या भिंतीवरचं असं एक काम तिला आठवतंच. तेव्हा मी सांगतोय तो उद्योग जुनाच आहे, फक्त त्यातलं सामान ऋतूचं आहे.

आता कामाकडे वळू. पण पहिलं काम हातोडीचं नाही. पहिलं काम आहे, आत काय आहे ते पाहण्याचं.

फ्रेम रिकामी असेल तर प्रश्न नाही. तिच्यात मानपत्र असेल तरी फारसा प्रश्न नाही. कागद काढून फायलीत ठेवा, मान कमी होत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. पण आत देवाचं चित्र असेल तर? आपल्याकडे लोक काय करतात ते तुम्ही पाहिलं आहे. वडाखाली, पिंपळाखाली, पुलाच्या कठड्याशी जुन्या तसबिरी आणून ठेवतात. घरात ठेववत नाही, फेकवत नाही, म्हणून झाडाच्या हवाली. पुढे काच फुटते, पावसानं रंग ओघळतात, आणि ज्याचा अपमान नको म्हणून आणून ठेवलं त्याचाच अपमान होतो. काही जण गोदावरीत सोडतात. नदीच्या पोटात काच आणि खिळे जातात, आणि तिथेच आपण अनवाणी उतरतो.

आमच्या नाशकातच या प्रश्नाला भिडणारं एक काम उभं राहिलं आहे. ॲड. तृप्ती गायकवाड यांनी सुरू केलेलं संपूर्णम सेवा फाउंडेशन जुन्या तसबिरी आणि मूर्ती लोकांकडून घेतं, त्यांची उत्तरपूजा करतं आणि मग काच, लाकूड, कागद वेगवेगळं करून पुन्हा वापरात आणतं. मला यातली उत्तरपूजा महत्त्वाची वाटते. गणपतीला निरोप देताना आपण अक्षता टाकतो, तेव्हा मूर्ती मातीची होते आणि माती परत मातीत जाऊ शकते. निरोप नीट दिला की वस्तू मोकळी होते. आमच्यातही तेच आहे. आयत लिहिलेला कागद जीर्ण झाला तर तो रद्दीत जात नाही. स्वच्छ जागी, पाय पडणार नाही अशा ठिकाणी पुरतात. ख्रिस्ती मित्रांकडे मंत्रित केलेली वस्तू जाळतात किंवा पुरतात. तीन घरांच्या तीन रीती, पण म्हणणं एकच आहे. आधी निरोप, मग लाकूड.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. मी फ्रेम सजवतो हे कळल्यावर त्या एक तसबीर घेऊन आल्या. चित्र खंडोबाचं, मागच्या पुठ्ठ्याला वाळवी लागलेली. म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्हीच उघडा. मला हात लावायचा धीर होत नाही.’ मी म्हटलं, ‘काकू, आधी तुमच्या हातानं दोन अक्षता टाका. लाकडाचं मग मी बघतो.’ त्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा चित्र स्वतः काढून, कापडात गुंडाळून वेगळं आणलं होतं आणि चौकट वेगळी. चित्राचा कागद त्यांनी कुंडीच्या मातीत घातला. त्या कुंडीत आता झेंडू आहे. चौकटीचं काय झालं ते पुढे सांगतो.

फ्रेम उघडताना ती पालथी ठेवायची. खाली जुनी चादर किंवा घोंगडी. काचेला तडा असेल तर उलटवण्याआधी काचेवर रुंद चिकटपट्टी फुलीसारखी आडवी-तिडवी लावा, म्हणजे तुकडे सुटणार नाहीत. हातात जाड हातमोजे. मागच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली असते ती ओली करून सोलायची. मग बारीक चुका दिसतात. त्या पक्कडीनं सरळ वर ओढायच्या, वाकवून नाही, नाहीतर पट्टीचं लाकूड चिरतं. चुका गंजलेल्या असतात. टोचली तर जखम साबणानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते डॉक्टरांना सांगा.

आत जुना फोटो असेल आणि तो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोवर एक पातळ थर असतो, चित्र त्या थरात असतं. दमट हवेनं तो थर मऊ होऊन काचेला धरतो. ओढलं की चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. अशा वेळी काचेसकट, उजेड बाजूनं घेऊन मोबाइलवर नीट फोटो काढा, आणि काच-फोटो तसाच जोडीनं जपून ठेवा.

चौकट मोकळी झाली की तिचं लाकूड ओळखायचं. जुनी सागवानी पट्टी हाताला जड लागते. मागच्या, रंग न दिलेल्या बाजूला पॉलिश पेपर थोडा घासला की तेलकट वास येतो, तो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. अलीकडच्या पुष्कळ फ्रेम कृत्रिम पट्टीच्या असतात. वजनाला हलक्या, नखानं वाजवल्या तर पोकळ वाजणाऱ्या. त्याही वापरता येतात, फक्त त्यांना खिळा मारू नका, फुटतात, आणि शेकोटीत टाकू नका, धूर वाईट असतो. लाकडावर बोटानं टकटक करून पाहा. भद्द आवाज आला, बारीक भोकं किंवा मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी आहे. असं लाकूड बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि लागलेला भाग कापून टाका. काकूंची चौकट अशीच होती. एका बाजूची पट्टी गेलेली, तीन चांगल्या. कसर लागलेला पुठ्ठाही बदलायचा, तिथे दया दाखवू नये.

आणखी एक सावधगिरी. जुन्या रंगीत किंवा सोनेरी फ्रेम कोरड्या घासू नका. जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. ओल्या फडक्यानं पुसा, हवा तर वरून नव्या रंगाचा हात द्या, पण धूळ उडवू नका. घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.

आता सजावट. मी चार प्रकार करतो.

पहिला प्रकार दारासाठी. याला काच लागत नाही, नुसती चौकट. आमच्या जिल्ह्यात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी होते, तेव्हा बागेच्या बांधावर काड्यांचे ढीग पडतात. शेतकरी ओळखीचा असेल तर एक भारा सहज मिळतो. छाटलेली काडी ताजी असते तोवर वाकते. वाळली असेल तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. चार-पाच काड्या एकत्र घेऊन गोल वळवायच्या, टोकं एकमेकांत खोवायची, दोन-तीन ठिकाणी सुतळीनं बांधायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. आठवड्यात कडं घट्ट होतं. काड्यांवर औषधाची फवारणी झालेली असते, म्हणून आधी स्वच्छ धुवा आणि नंतर हात धुवा. हे कडं १२ बाय १५ च्या चौकटीत वरच्या पट्टीला टांगायचं. त्याच्यात खोवायला काय, ते रस्त्यावर शोधा. शिरीषाच्या वाळक्या शेंगा हिवाळ्यात झाडावर वाऱ्यानं खुळखुळत असतात, बाभळीच्या शेंगा माळेसारख्या असतात, सिल्व्हर ओकचं पान मागून चांदीसारखं असतं. मालेगावकडून येताना मी कापसाची दोन बोंडं आणतो. ती पांढरी बोंडं काड्यांत खोवली की आमच्या मुलखाचा बर्फ तयार होतो.

दुसरा प्रकार खिडकीसाठी. एकाच मापाच्या दोन फ्रेमच्या दोन काचा घ्यायच्या. दोन्ही साबणाच्या पाण्यानं धुऊन, वर्तमानपत्राच्या कागदानं पुसायच्या. नदीकाठचं वाळकं गवत, त्याचे तुरे, चिंचेची डहाळी, जास्वंदीची पाकळी असं जे आवडेल ते जाड वहीत दाबून दोन-तीन आठवडे ठेवायचं. वहीवर विटा ठेवा, माझ्याकडे शब्दकोश आहेत. पुरतं वाळल्याशिवाय काचेत घालू नका, नाहीतर आत बुरशी येते. मग एका काचेवर मांडणी करायची, दुसरी काच वर ठेवायची, कडांना कागदी चिकटपट्टी लावायची आणि चौकटीत बसवायचं. मागे पुठ्ठा लावायचा नाही. खिडकीत टांगलं की सकाळचं कोवळं ऊन गवतातून आत येतं आणि फरशीवर त्याची सावली पडते. काचा दोन असल्यानं वजन वाढतं, म्हणून टांगायच्या कड्या नव्या लावा आणि सुतळीऐवजी तार वापरा.

तिसरा संक्रांतीचा. आमच्या जिल्ह्यातलं येवला पैठणीसाठी प्रसिद्ध आहे, तसंच पतंगांसाठीही. तिथे संक्रांतीला तीन दिवस आकाश भरलेलं असतं, आणि मांजा गुंडाळायच्या फिरकीला तिथे आसारी म्हणतात. फाटलेल्या पतंगांचा कागद टाकू नका. त्यातून तळहाताएवढे पतंग कापायचे, झाडूच्या काड्यांचा कणा द्यायचा आणि काळ्या कागदावर मांडायचे. काळा का, ते संक्रांतीच्या साडीला विचारा.

याच फ्रेममध्ये मी पहिल्या वर्षी हलव्याचे दागिने लावले होते. शेजारच्या नव्या सुनेची पहिली संक्रांत झाली, तिनं हार आणि बांगड्या आम्हाला आठवण म्हणून दिल्या. काटेरी हलवा हा थंडीचाच पदार्थ. मंद आचेवर पाक सोडत, हातानं हलवत राहिलं की थंड हवेत त्याला काटा छान येतो. मी हौसेनं ते दागिने उघडेच चौकटीत टांगले, तेही स्वयंपाकघरात. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून मुंग्यांची रांग, आणि फेब्रुवारीअखेर हलव्याला पाणी सुटून काळ्या कागदावर डाग. बायको म्हणाली, ‘अहो, साखर आहे ती, कविता नाही टिकायला.’ तेव्हापासून हलवा काचेआडच घालतो. काच आणि हलवा यांत अर्ध्या इंचाचं अंतर राहील अशी आतून पुठ्ठ्याची चौकट देतो, ओलावा शोषणारी पुडी मागे ठेवतो, जी औषधांच्या डब्यात मिळते, आणि सगळ्या कडा बंद करतो. तरी पावसाळ्याआधी उतरवतोच. हिवाळ्याची वस्तू हिवाळ्यापुरती.

चौथा प्रकार दिव्याचा. एकाच मापाच्या चार लहान चौकटी, ८ बाय १० च्या, उभ्या जोडून चौकोनी कंदील होतो. कोपऱ्यांना लहान बिजागऱ्या लावल्या तर वर्षभर घडी करून ठेवता येतो. काचेच्या जागी ट्रेसिंग पेपर, आतून चिकटवलेली पानं किंवा कापलेल्या चांदण्या. आत फक्त बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा. पणती किंवा मेणबत्ती नको. लाकूड वाळलेलं असतं आणि कागद त्याहून वाळलेला. हा कंदील दत्तजयंतीला चालतो, नाताळला चालतो. शरणपूर भागातल्या एका ख्रिस्ती मित्राच्या घरी गव्हाणीच्या देखाव्याशेजारी माझा एक कंदील असतो, आणि त्यातली एक चौकट काकूंच्या खंडोबाची आहे. तीन पट्ट्या जुन्या, चौथी नवी जोडलेली. काकूंना हे मी सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. मला वाटलं, चुकलो. मग म्हणाल्या, ‘बरं झालं. उजेडात आहे ना?’

खर्चाचं म्हणाल तर चिकटपट्टी, कड्या, दिवा, एवढंच विकत आणावं लागतं. बाकी सगळं घरात किंवा रस्त्यावर. वेळ मात्र लागतो. पण हिवाळ्यातली दुपार, गच्चीवरचं ऊन, जवळ नातवंडं किंवा शेजारची पोरं, हे असेल तर वेळ गेलेला कळत नाही. पोरांना काचेपाशी बसवू नका, बाकी कडं वळायला, पतंग कापायला त्यांचे हात आपल्यापेक्षा चांगले चालतात.

एकतीस फ्रेममधल्या अठ्ठावीस आजवर मोकळ्या करून झाल्या. दोन वाळवीनं गेल्या. एक राहिली आहे.

ती न नेलेल्यांपैकी आहे. चौकट माळ्यावरच्या सगळ्यांत चांगली. दोन इंच रुंद सागवानी पट्टी, चारही कोपरे असे तिरके कापून जोडलेले की सांध्यात नख जात नाही. ते अब्बांच्या हाताचं काम मी कुठेही ओळखेन. आत एका बाईंचा फोटो. नऊवारी, नाकात नथ, स्टुडिओतली खुर्ची, मागे रंगवलेला पडदा. हात मांडीवर, बोटं थोडी आवळलेली, जशी फोटोची सवय नसलेल्या माणसाची असतात. पुठ्ठ्यावर अब्बांच्या अक्षरात एक ओळ आहे. ‘काच नवी. बाकी १२ रु.’ नाव नाही.

मला दारासाठी तीच चौकट हवी होती. पालथी ठेवली, पक्कड घेतली, दोन चुका काढल्यासुद्धा. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, ‘यांना काढून तिथे काड्या लावणार?’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. मी दोन्ही चुका परत ठोकल्या.

त्यानंतर मी जुन्या गल्लीत जाऊन आलो. त्या काळची दोन-चार माणसं आहेत, त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. कुणी म्हणालं, पलीकडच्या वाड्यातल्या असतील. तो वाडा आता नाही, तिथे इमारत आहे. कुणी म्हणालं, बाहेरगावचं गिऱ्हाईक असेल. कुणीतरी या बाईंसाठी आगाऊ पैसे दिले होते, म्हणजे कुणाला तरी त्या भिंतीवर हव्या होत्या. मग बारा रुपये जमले नसतील, किंवा न्यायला येणारा माणूसच उरला नसेल. देवाला अक्षता टाकून निरोप देता येतो. आयतीला माती देता येते. पण ज्यांचं नाव ठाऊक नाही, त्यांना निरोप कोणी द्यायचा? तो अधिकार त्यांच्या माणसांचा. माझ्याकडे त्या ठेवायला दिलेल्या आहेत. म्हणून मी मनाशी एक नियम केला आहे. जी चौकट रिकामी झालेली आहे तिच्यातच ऋतू भरायचा. ऋतूसाठी कोणाला बाहेर काढायचं नाही.

आमच्या भिंतीवर माणसाचं चित्र नसे, हे मी सुरुवातीला सांगितलं. आता एक आहे. बैठकीत, खिडकीतल्या गवताच्या काचेच्या शेजारी. सकाळी गवताची सावली सरकत सरकत त्यांच्या चौकटीपर्यंत जाते. घरी येणारे विचारतात, ‘या कोण?’ मी सांगतो, ‘अब्बांच्या गिऱ्हाईक.’

म्हणून शेवटी एकच काम सांगतो, त्याला हातोडी लागत नाही आणि खर्चही नाही. या हिवाळ्यात घरातले जुने फोटो एकेक करून उतरवा. प्रत्येकाच्या मागे, मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं, कडेला नाव लिहा. कोण, कुठल्या गावचे, साधारण साल कोणतं. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढे उमटतो आणि शाई पुढे उतरते. घरात कोणी वृद्ध असतील तर त्यांना विचारून आजच लिहा. चौकटी पुढेही कितीतरी सजवता येतील, विचारायला माणसं मात्र आहेत तोवरच आहेत.